इंजिनाचा लुकलुकता दिवा

आषाढातील एखादी सकाळ डोळ्यांसमोर आणावी. गिरगावातील एक व्यापारी गृहस्थ आपल्या वृद्ध आईस दादरच्या हिंदू कॉलनीतील डॉक्टरांकडे नेत आहेत. गाडी बारा वर्षांची, पण घरच्या माणसासारखी जपलेली. भायखळा मागे टाकून गाडी लालबागच्या उड्डाणपुलाचा चढ चढू लागते, तोच तिला हिसके बसतात, पिकअप जातो आणि समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लुकलुकू लागतो. मागच्या आसनावरून आई विचारते, "काय रे, काही बिघडलं का?" आणि मुलगा उत्तर देतो, "काही नाही आई, दादर आलंच."

नेमकी चूक येथेच होते. हा दिवा दोन प्रकारे बोलतो. तो स्थिर राहिला तर अर्थ असा की, इंजिनाच्या किंवा धुराच्या व्यवस्थेत दोष नोंदला गेला आहे. गाडी सावकाश चालवून एक-दोन दिवसांत तपासून घ्यावी. तो लुकलुकला तर अर्थ निराळा. एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन जळतच नाही, मिस्त्रींच्या भाषेत गाडी 'मिसिंग मारते' आणि त्यामुळे मोठे नुकसान या क्षणी चालू आहे. पहिली आठवणीची चिठ्ठी आहे, दुसरी मुदत संपलेली हुंडी आहे.

नुकसान कशाचे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १,५०० वेळा ठिणगी पडते. प्रत्येक ज्वलनाने इंजिनाच्या दांड्याला किंचित गती मिळते. एक ज्वलन चुकले की गती तेवढीच मंदावते आणि दांड्याजवळचा सेन्सर ते टिपून गाडीच्या संगणकास कळवतो. न जळलेले पेट्रोल मात्र जाते सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. चिनी मातीच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर देऊन हा भाग बनवलेला असतो. झवेरी बाजाराशी संबंध असलेल्या कुटुंबांना या धातूंचे मोल सांगावयास नको. इंधन तेथे जाऊन जळू लागले की उष्णता अतोनात वाढते, जाळी वितळते आणि धुराची वाट तुंबते. प्लगचा खर्च शेकड्यांत असतो, कॉइलचा काही हजारांत. कन्व्हर्टरचा खर्च त्याच्या कित्येक पट असतो. दहा मिनिटे वाचवण्यासाठी एवढी जोखीम कोणताही हिशेबी माणूस पत्करणार नाही.

म्हणून पहिला नियम असा. दिवा लुकलुकताच ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करावा, एसी बंद करावा आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी कडेला घ्यावी. पुलावर मध्येच थांबू नये, हळूहळू उतरावे. वेग कमी होताच दिवा स्थिर झाला, तर जवळच्या गॅरेजपर्यंत संथ गतीने जाता येईल. लुकलुकणे चालूच राहिले, तर इंजिन बंद करून गाडी ओढून न्यावी. लाल दिवा, मग तो ऑइलचा असो वा तापमानाचा, त्याहून तातडीचा. तेथे लगेच थांबावे. हिंदमाता परिसरात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर इंजिनाचे दांडे वाकतात.

आता निदान. आपल्याकडे मोटारगाड्यांमध्ये ही स्वयंनिदानाची व्यवस्था भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर आली. पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि अधिक काटेकोर असा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासूनच ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली होती. त्यामुळे २०१३ नंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते आणि साधा स्कॅनरही त्यातील संकेतांक वाचतो. पी ०३०० म्हणजे चूक अनेक सिलिंडरांत फिरती आहे. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचा एकच सिलिंडर दोषी आहे.

येथे व्यापाऱ्याने आपला अनुभव वापरावा. तेरीज जुळली नाही, तर फरक आहे एवढे कळते. चुकीची नोंद शोधावी लागते ती रोजकीर्दीतच. संकेतांक खतावणीतील खाते दाखवतो, नोंद दाखवत नाही. पी ०३०२ आला म्हणून लगेच नवी कॉइल विकत घेणे हे न तपासता रक्कम खोडण्यासारखे आहे. आधी संकेतांक आणि त्या क्षणाचा गोठवलेला तपशील, म्हणजे वेग, फेरे आणि तापमान, कागदावर उतरवून घ्यावा. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणारा मिस्त्री ही नोंदही पुसून टाकतो, हे ध्यानात असावे.

पुढची कसोटी बिनखर्चाची आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर दुसऱ्यावरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरची दुसऱ्यावर बसवावी. पुन्हा तपासणीत पी ०३०३ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइलच दोषी. संकेतांक जागेवरच राहिला, तर प्लगची अशीच अदलाबदल करावी. त्यानेही तो हलला नाही, तर इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशनची तपासणी. अनेक सिलिंडर एकदम चुकत असतील, तर हवेची गळती किंवा इंधनाचा अपुरा दाब यांचा संशय घ्यावा.

जुन्या गाडीत काही कारणे वारंवार आढळतात. कॉइलखालच्या रबरी टोपीला भेगा पडतात आणि पावसाळी दमटपणात ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाजूला उडते. इंजिनाच्या झाकणाचे गॅस्केट झिजून प्लगच्या विहिरीत ऑइल उतरते. सीएनजीला पेटण्यास अधिक जोरदार ठिणगी लागते. म्हणून जो झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावतो, तो गॅसवर दगा देतो. गाडी पेट्रोलवर नीट आणि गॅसवर हिसके देत असेल, तर शोध तेथूनच सुरू करावा. आणि गिरगावच्या गल्लीत आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. त्यासाठी विष घालण्याची गरज नाही. वायरींना जाळीचे आवरण घालावे, खाद्यपदार्थ गाडीत ठेवू नयेत आणि दोन-तीन दिवसांआड गाडी थोडी फिरवावी.

जुनी गाडी विकत घेतानाही हा दिवा पाहावा. इंजिन सुरू करण्याआधी चावी फिरवली की तो पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच पेटत नसेल, तर बल्ब गेलेला असेल किंवा काढलेला असेल. दोष लपवलेला ताळेबंद आणि दिवा काढलेली गाडी यांचा सौदा सारख्याच सावधपणे करावा. हा प्रश्न केवळ खिशाचा नाही. न जळलेल्या इंधनाचा धूर त्याच गल्लीतील मुलांच्या आणि वृद्धांच्या श्वासात जातो.

आता लालबागच्या पुलावर परत जावे. त्या गृहस्थांनी काय करावे? पूल उतरून गाडी कडेला घ्यावी, आईला सांगावे, "आई, गाडीचं काम निघालं आहे, आपण टॅक्सीनं जाऊ," आणि काळी-पिवळी थांबवावी. आई वेळेवर डॉक्टरांकडे पोहोचेल. दुपारी मिस्त्री दुसऱ्या सिलिंडरवरची भेगाळलेली टोपी काढून दाखवील आणि काम तेवढ्यावर भागेल. त्याच दिवशी गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, संकेतांक आणि बदललेला भाग अशा चार नोंदी तीत कराव्यात. पुढच्या वेळी दिवा लुकलुकला की मिस्त्रीच्या हाती प्रथम ती वही द्यावी.