मामांची डाय, मामीचा सोऱ्या

मे महिन्यातला लाँग वीकएंड. ग्रुपमधली निम्मी मंडळी महाबळेश्वरला, उरलेली गोव्याला. आणि मी? रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मान अवघडून उदगीर, तिथून पुढे जळकोट! ‘तिथे आहे काय?’ हा प्रश्न ऑफिसात तीनदा ऐकला. तिथे मामा आहेत. गेल्या वर्षी मामी गेली, त्यामुळे आता फक्त मामाच आहेत.

मामांची उभी नोकरी खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतली, तीही टूल रूममध्ये. फॅक्टरी 1869 सालची. 2021 पासून ती म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. गोळी म्हटलं की आपल्याला सिनेमातलं धाड-धाड आठवतं. मामांना आठवतं पितळ! सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. या पितळेची आधी छोटी वाटी होते, मग डायमधून टप्प्याटप्प्याने ओढत तिची लांब पुंगळी. ओढलं की पितळ कडक होतं, म्हणून मधे मधे भट्टीत तापवून मऊ करायचं. आणि डायमध्ये कचऱ्याचा एक कण जरी चिकटला, तरी पुढच्या प्रत्येक पुंगळीवर तोच ओरखडा. म्हणून मामांचं ब्रीदवाक्य : मशीन नंतर, डाय आधी.

अमेरिकेत तर हौशी नेमबाज झाडलेली पुंगळी घरीच पुन्हा भरतात. त्यांच्याही डायचं दुखणं तेच. आत काजळी, पितळेचा कीस आणि जुनं वंगण साठतं. मग डाय उघडायची, सॉल्व्हंटने धुवायची, मऊ ब्रशने आणि फडक्याने पुसायची, गंजू नये म्हणून तेलाचा पातळ हात फिरवून ठेवायची. वापरताना मात्र ते तेल पुसून टाकायचं, कारण जास्तीचं तेल आत अडकलं की पुंगळीला पोचा येतो. (आपल्याकडे हा छंद म्हणून करायला जाऊ नका. 1959च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे!)

तर, दुपारी स्वयंपाकघर आवरताना फळीवर मामीचा पितळी सोऱ्या सापडला. चकतीच्या भोकांत कुरडईचा चीक वाळून दगड झालेला. मी उत्साहाने तारेची घासणी उचलली.

“अगं, काय करायलीस माय! तार लावू नको त्याला!” मामा दारातून ओरडले.

“मामा, वर्षभर तसाच पडलाय. तुमच्या घरात? डाय न पुसता तुम्ही कधी घरी आला नाहीत म्हणे.”

मामा काहीच बोलले नाहीत. खाली बसले, सोऱ्या मांडीवर घेतला. बऱ्याच वेळाने म्हणाले, “तिनं शेवटच्या कुरडया घातल्या, तवाचा चीक हाय तो. धुतला की गेला.”

माझ्या हातातली घासणी तशीच राहिली. च्यायला, आपण काय म्हणून बसलो!

पण मग मामाच उठले. कोमट पाणी आणलं, चकती त्यात बुडवली. “भिजू दे. घाई केली की भोकं मोठी होतात. मग कुरडई जाड पडती, अन् ती चिडती.” ‘चिडायची’ नाही, ‘चिडती’. तासाभराने कडुनिंबाची बारीक काडी घेऊन एकेक भोक मोकळं केलं. जुन्या टूथब्रशने मागची बाजू, चिंचेच्या कोळाने सगळं पितळ, स्वच्छ पाण्याने धुणं, उन्हात वाळवणं. शेवटी चकती डोळ्यासमोर धरून आभाळाकडे पाहिलं. भोकाभोकातून उजेड! टूल रूममध्येही ते असंच बघत असणार.

“ठेवून देऊ?” मी विचारलं.

“ठिवलेली डाय गंजती,” मामा म्हणाले आणि डब्यातून गहू काढून भिजत घातले.

आता कुरडयांचे गहू म्हणजे तीन दिवस भिजणार. मग वाटणं, चीक गाळणं, शिजवणं. माझा वीकएंड तर परवाच संपतोय. रात्री गच्चीवर, जिथे रेंज येते त्या कोपऱ्यात उभं राहून मी बॉसला मेल टाकला : चार दिवस रजा वाढवून हवी आहे.

कारण : अर्जंट मेंटेनन्स.