धान्य मुबलक, तरी हातभट्टीत गूळच

जळगाव-धुळ्यात मका, ज्वारी मुबलक. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये धान्याधारित ‘महाराष्ट्र मेड लिकर’लाही मान्यता दिली. तरी हातभट्टीवर छापा पडला की सापडते ते गुळाचे नाहीतर मोहाचे कच्चे रसायन. धान्याचे का नाही?

कारण यीस्टला साखर लागते आणि धान्यात असतो स्टार्च. गुळात, मोहफुलात साखर तयारच. धान्याला आधी मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडायचे, मग सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचे. तेव्हा मोडातले अमायलेज स्टार्चची साखर करते. पाणी फार तापले की तेही निकामी. (पावसात भिजून मोड फुटलेल्या ज्वारीची भाकरी चिकट, गोडसर होते ती याच अमायलेजमुळे.) शिवाय ज्वारीच्या कोंभात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, कोंभ चोळून काढावे लागतात. डिस्टिलरीला विकतचे एन्झाइम परवडते. विनापरवाना दारू गाळणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा; लपून गाळणाऱ्याला एवढ्या दिवसांची उस्तवार झेपत नाही.

म्हणून धान्याची दारू निर्धोक, असे मात्र नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे दगावली ती मिथेनॉलने, आणि ते गुळातून आले नव्हते की धान्यातून. बाहेरून आणून मिसळलेले होते.