पदवीचा हिशेब

दरवर्षी 2 जानेवारीला आम्ही मुरबाडहून सिद्धगडला जातो. भल्या पहाटे, थंडीने बोटं वाकत नाहीत तेव्हा, स्मारकावर फुलं वाहतो. 1943 साली इथेच भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात पडले.

कोतवाल माथेरानच्या नाभिक कुटुंबातले. कायदा शिकले, वकील झाले. सावकारी पाशातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली. बेचाळीसमध्ये ब्रिटिशांविरुद्ध आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले.

माझी लेक यंदा पदवीधर झाली. समारंभात माजी विद्यार्थ्यांचा गौरव ऐकला: कंपनी, पगार, परदेश. त्यात वाईट काहीच नाही. पण पदवी कुणाच्या कामी आली, हेही विद्यापीठांनी विचारावं. यंदा लेकीलाही सिद्धगडला नेणार आहे.