अन्न ही भीक नव्हे

वाचकहो, मिरज तालुक्यात ऊस व द्राक्षे पिकतात. परंतु तेथे राबणाऱ्या मजुराच्या लेकराचे ताट रिकामे राहावे काय? २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ६ महिने ते ६ वर्षांच्या बालकास अंगणवाडीतून व ६ ते १४ वर्षांच्या मुलास शाळेतून मोफत आहाराचा हक्क दिला आहे. आहार न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूदही ८ व्या कलमात आहे. शालेय भोजनाच्या स्वयंपाकासाठी दलितांस प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. म्हणजे ताटाबरोबर चुलीवरील हक्कही मान्य झाला. म्हणून मातापित्यांनो, आठवड्यातून एकदा अंगणवाडीत व शाळेत जा, ताट स्वतः पाहा, उणे आढळल्यास लेखी तक्रार करा. न बजावलेला हक्क कागदावरच राहतो. लेकरू मात्र उपाशी राहते.