यूटीएचा अस्त : स्पर्धेसाठी स्पर्धकाचीच खरेदी

नायजरमधील तेनेरेच्या निर्मनुष्य वाळवंटात काळ्या दगडांनी रेखलेली एका विमानाची आकृती उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसते. १९ सप्टेंबर १९८९ रोजी ब्राझाव्हिलहून एन्जामेनामार्गे पॅरिसला निघालेले डीसी-१० विमान याच परिसरात बॉम्बस्फोटाने कोसळले आणि त्यातील सर्व १७० जणांचा मृत्यू झाला. विमान यूटीए या फ्रेंच कंपनीचे होते. चारच महिन्यांत ही कंपनी एअर फ्रान्सच्या ताब्यात गेली. घटना लागोपाठच्या असल्या, तरी यूटीएच्या अस्ताचे मूळ वाळवंटात नाही. ते पॅरिसच्या विमानवाहतूक धोरणात आहे.

१९६३ मध्ये टीएआय आणि यूएटी या दोन खासगी कंपन्यांच्या विलीनीकरणातून यूटीए उभी राहिली. सरकारने तेव्हा आकाशाची वाटणीच करून टाकली. युरोप, उत्तर अमेरिका एअर फ्रान्सकडे. पश्चिम, मध्य व दक्षिण आफ्रिकेचा मोठा भाग आणि पॅसिफिक यूटीएकडे. म्हणायला खासगी असलेली ही कंपनी वाढली मात्र सरकारी कुंपणाच्या आत. जुन्या फ्रेंच वसाहतींच्या मार्गांवर तिला स्पर्धक मोजकेच होते. ऐंशीच्या दशकात युरोपात खुलेपणाचे वारे वाहू लागले आणि हेच कुंपण तिला काचू लागले. एअर फ्रान्सच्या राखीव क्षेत्रातील मार्ग ती मागू लागली.

उत्तर मिळाले ते खरेदीच्या रूपाने. जानेवारी १९९० मध्ये एअर फ्रान्सने शार्जर उद्योगसमूहाकडून यूटीएचे बहुसंख्य समभाग घेतले. यूटीएचा मोठा वाटा असल्याने एअर इंटर ही देशांतर्गत कंपनीही आपसूकच हाती आली. खुल्या बाजारात टिकायचे तर देशाची एकच बलाढ्य कंपनी हवी, असा युक्तिवाद होता. ब्रिटिश एअरवेजने नुकतेच ब्रिटिश कॅलेडोनियनला गिळंकृत केले होते, हे उदाहरण समोर होतेच. युरोपीय आयोगाने काही मार्ग इतरांना खुले करण्याची अट घातली आणि व्यवहाराला मान्यता दिली. १९९२ मध्ये यूटीएचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

बलाढ्य कंपनीला मात्र १९९४ मध्ये २० अब्ज फ्रँकच्या सरकारी मदतीचा टेकू द्यावा लागला. एओएम आणि एअर लिबर्ते या छोट्या कंपन्यांनी तिला देशांतर्गत मार्गांवर आव्हान देऊन पाहिले. त्या दोन्ही मिळून झालेली एअर लिब फेब्रुवारी २००३ मध्ये बंद पडली. प्रवाशाला खरा पर्याय पुढे मिळाला तो टीजीव्ही रेल्वेचा आणि ईझीजेटसारख्या परदेशी कंपन्यांचा.

विमानस्फोटाबद्दल पॅरिसच्या न्यायालयाने १९९९ मध्ये सहा लिबियनांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरविले. २००४ मध्ये लिबियाने १७ कोटी डॉलर भरपाई मान्य केली. त्याच निधीतून मृतांच्या नातेवाइकांनी २००७ मध्ये वाळवंटातील ते स्मारक उभारले. त्यात १७० फुटके आरसे आहेत आणि वाळूत सापडलेला त्याच विमानाचा एक पंख तेथे उभा केलेला आहे.