मोजमापातील अनिश्चितता आणि मोबाइल ॲप

कोणतेही मोजमाप सर्वथा अचूक नसते, ही गोष्ट भौतिकशास्त्राच्या आरंभीच्याच पाठात सांगितली जाते आणि बहुधा तेथेच विसरली जाते. मोजमापाचे फल म्हणजे नुसता एक आकडा नव्हे. तो आकडा कितपत विश्वसनीय आहे हेही सोबत सांगावे लागते. यासच अनिश्चितता म्हणतात. ती कशी काढावी याविषयी सात आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नावे १९९३ साली एक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तीतील गणित आता मोबाइलवरील ॲप क्षणार्धात करून देते. मग विद्यार्थ्याने ते हाताने का करावे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

शाळेतील लंबकाचाच प्रयोग पाहावा. लांबी १०० सेंटिमीटर व तीत ०.१ सेंटिमीटर अनिश्चितता. २० आंदोलनांस लागलेला वेळ ४०.१ सेकंद व त्यात ०.२ सेकंद अनिश्चितता. यावरून येणारे गुरुत्वीय त्वरण ९.८२०४४ असे ॲप दाखवील आणि अनिश्चितता सुमारे ०.१ सांगेल. अर्थात ९.८ ± ०.१ एवढेच लिहिणे योग्य. पुढील आकडे निरर्थक होत. लांबीचा वाटा ०.१ टक्का आहे. वेळेचा ०.५ टक्का असला तरी सूत्रात आवर्तकालाचा वर्ग येत असल्यामुळे तो दुप्पट, म्हणजे १ टक्का होतो. हे गणित ज्याने एकदा स्वतः मांडले, त्यास उमगते की येथे अधिक चांगली पट्टी आणण्यापेक्षा अधिक आंदोलने मोजणे हिताचे आहे. केवळ उत्तर वाचणाऱ्यास हा बोध क्वचितच होतो.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. लांबी गोलकाच्या मध्यापर्यंत न मोजता त्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली आणि गोलकाची त्रिज्या १ सेंटिमीटर असली, तर उत्तर सुमारे १ टक्क्याने कमी येईल. हीच चूक शंभर वेळा केली तरी ती नाहीशी होत नाही. उलट, वाचने वाढल्याने ॲप अनिश्चितता कमी दाखवील व चुकीच्या उत्तरास अधिकच प्रतिष्ठा लाभेल. यंत्र गणित करते. साक्ष तपासत नाही.

हाताने गणित करण्यात वेळ जातो व त्यातही चुका होतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून ॲपवर बंदी घालणे शहाणपणाचे नव्हे. परंतु क्रम पाळला जावा. प्रथम वहीत अनिश्चिततेची कारणे लिहावीत, प्रत्येकीचा अंदाज कशावरून केला ते नमूद करावे, एकदा तरी बेरीज हाताने करावी. मग ताळा पाहण्यासाठी ॲप उघडावे. पुस्तकातील ९.८ हा आकडा गाठण्यासाठी वाचने फिरविण्याची खोड अनेक वह्यांतून दिसते. शिक्षकांनी गुण द्यावेत ते आकड्याच्या जवळिकीस नव्हे, तर या प्रामाणिक हिशेबास. आजचा विद्यार्थीच उद्या रुग्णालयात रक्तातील साखर मोजणार आहे आणि औषधाचे प्रमाण ठरविणार आहे. आपणास किती ठाऊक नाही हे सांगण्याची सवय त्यास शाळेतच लागली पाहिजे.