दोन ठशांचं नाणं
गोदाकाठावरून / नाशिककर

दारणा-गोदावरीच्या संगमाजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, क्षहरात राजा नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या ठशावरच दुसरा ठसा मारलेला : तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह. हा दुसरा ठसा राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. त्याने खखरातांचा, म्हणजे क्षहरातांचा, वंश निर्मूळ केला, असं त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, पांडवलेण्यात कोरून ठेवलंय. वंश बुडवला, पण नाणं चालू ठेवलं.

मला यात मोठं शहाणपण दिसतं. ती चांदी एकट्या नहपानाची थोडीच होती? त्याच्या जावयाने, उषवदाताने, पांडवलेण्यांच्याच डोंगरात नोंदवलंय की तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (संघांकडे) ठेव म्हणून दिली. दोन हजारांवर महिन्याला शेकडा एक व्याज. नाणी बाद केली असती तर राजाआधी विणकर बुडाला असता.

नाशिकचं चलनाशी नातं आजही आहे. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की कुणाला वर्तमानपत्र आठवत नाही. १९२८ पासून इथे नोटा छापल्या जातात. त्याआधी त्या इंग्लंडहून यायच्या. फाळणीनंतर पाकिस्तानकडे नोटांचा छापखाना नव्हता, तेव्हा १९४८ मध्ये इथल्याच नोटांवर इंग्रजी-उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’ एवढं वाढवून काम भागलं. पुन्हा दुसरा ठसा!

२०१६ ला मात्र पाचशे-हजारच्या नोटा एका रात्रीत बाद झाल्या. चलनातल्या रकमेचा ८६ टक्के भाग गेला. प्रेसमध्ये यंत्रं धडधडत होती आणि त्याच जिल्ह्यात लासलगावला रोकड नाही म्हणून कांद्याचे लिलाव थांबले होते.

आता दहाच्या नाण्याचं बघा. दहा रेघांचं खरं की पंधरा रेघांचं, यावर बाजारात ठाम मतं आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये चौदाही प्रकार वैध असल्याचं सांगितलं. तरी चिकटपट्टीची नोट चालते, नाणं चालत नाही. दुकानदाराला हसणं सोपं आहे. पण त्याने बँकेत पिशवीभर नाणी नेली की खिडकीतला माणूस ‘मोजायला वेळ नाही’ म्हणतो, मग त्याने ती घ्यावीत कशाला? आधी प्रत्येक शाखेत नाणी मोजायचं यंत्र बसवा, आणि ते चालू ठेवा.